एकच ट्यूब तिघांना का चालली नाही: त्वचेचे थर, त्यांची कामं आणि नागपूरचा मे महिना

प्रश्न असा आहे. त्वचेला नेमके किती थर असतात, कोणता काय करतो, आणि घरात तिघांना तीन तक्रारी असताना एकच मलम तिघांना लागू का पडत नाही? आईच्या टाचांना भेगा, चार वर्षांच्या मुलाच्या पाठीवर घामोळ्या, स्वतःला जांघेत गजकर्ण. औषधांच्या दुकानातून आणलेली एक ट्यूब तिघांनीही लावली. गजकर्णाची खाज चार दिवसांत थांबते, ट्यूब बंद केली की दुपटीनं येते. टाचा जशाच्या तशा. मुलाच्या घामोळ्या वाढल्या. राहणं नागपूरला, महिना मे.

आधी ती ट्यूब बाजूला ठेवा, मुलाची तर आजच. का, ते पुढे येतं.

थर समजून घ्यायला पुस्तकातल्या आकृतीपेक्षा मेंदी आणि गोंदण जास्त कामाचं. मेंदीतला लॉसोन नावाचा रंग त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या पेशींमधल्या केराटिन या चिवट प्रथिनाला चिकटतो. हा थर रोज थोडाथोडा झडतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांत मेंदी उतरते. तळहातावर ती गडद रंगते आणि मनगटाच्या वर फिकी पडते, कारण तळहातावर हा थर जाड आहे, रंगायला माल जास्त. गोंदणाची सुई मात्र सगळी बाह्यत्वचा पार करून खालच्या अंतस्त्वचेत शिरते. तिथली काजळी भक्षक पेशी गिळून बसतात. एक मेली की तिच्या पोटातली काजळी शेजारची गिळते. म्हणून आजीच्या कपाळावरचं गोंदण साठ वर्षांनीही तिथंच असतं, फार तर कडा जराशा पसरतात. काळी काजळी हिरवट-निळी दिसते तीही खोलीमुळेच, वरच्या थरांतून जाता-येता प्रकाश विखुरतो.

त्वचेच्या प्रत्येक दुखण्याला असा एक पत्ता असतो. मुलाच्या घामोळ्या, तुमचं गजकर्ण, आईच्या टाचा यांचे पत्ते वेगळे, आणि त्या त्या जागी औषध पोचण्याचं प्रमाणही वेगळं. 'काय लावू' याच्या आधी 'किती खोल आहे' हे विचारायचं ते यासाठी.

मोठे थर तीन. वर बाह्यत्वचा, म्हणजे एपिडर्मिस. तिच्यात रक्तवाहिनी एकही नाही. खाली अंतस्त्वचा, म्हणजे डर्मिस. रक्त, नसा, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं सगळं तिथं. त्याखाली चरबीचा थर. दाढी करताना हलकं खरचटलं आणि रक्त आलं नाही, तर वरच्या थरातच काम आटोपलं. रक्ताचा टिपूस आला की अंतस्त्वचा लागली.

बाह्यत्वचा बहुतेक जागी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी. पापणीवर तिच्या निम्मी, तळपायावर १.५ मिलिमीटरपर्यंत. एवढ्याशा जाडीत चार मजले आहेत, तळहात-तळपायांवर पाच. तळमजल्यावरच्या पेशी विभागत राहतात. नवी पेशी वर सरकते, दुसऱ्या मजल्यावर शेजारणींशी असंख्य टाके घालून घट्ट बसते, तिसऱ्यावर तेलकट पदार्थांच्या पिशव्या बाहेर रिकाम्या करते आणि मग केंद्रक गमावून चपटी, मेलेली खपली होऊन सगळ्यात वर येते. वर यायला साधारण १४ दिवस, वरून झडायला आणखी १४. उतारवयात हाच फेरा दीड महिन्यावर जातो. सोरायसिसमध्ये वर येण्याचं काम ३ ते ५ दिवसांत उरकतं. अर्धवट तयार झालेल्या पेशी थप्पीनं साचतात, तेच ते चांदीसारखे पापुद्रे. त्वचेचं कुठलंही औषध महिनाभर लावल्याशिवाय 'फरक नाही' म्हणायचं नाही, त्याचं कारण हा फेरा.

त्या दुसऱ्या मजल्यावरच्या टाक्यांचं महत्त्व ते सुटल्यावर कळतं. पेम्फिगस या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती याच टाक्यांवर उलटते. फोड पातळ, लुळे, हात लागताच फुटणारे. पेम्फिगॉइड या दुसऱ्या आजारात हल्ला आणखी खाली, बाह्यत्वचा अंतस्त्वचेला जिथं जोडली आहे तिथं होतो. फोडाला सगळ्या बाह्यत्वचेचं छप्पर मिळतं, म्हणून तो टणक, ताणलेला, दोन-दोन दिवस न फुटणारा. नुसता फोड चिमटीत धरून पाहिला तरी खोलीचा अंदाज येतो.

आता सगळ्यात वरचा मेलेला थर. मेलेला म्हणून त्याची किंमत कमी समजू नका. १० ते २० पदर, एकूण जाडी मिलिमीटरचा पन्नासावा-शंभरावा भाग, आणि शरीरातलं पाणी आत ठेवण्याचं जवळजवळ सगळं काम त्याच्याकडे. बांधणी विटांच्या भिंतीसारखी. चपट्या पेशी या विटा, मधला स्निग्ध गिलावा. गिलाव्यात साधारण निम्मा सेरामाइड नावाचा मेद, पाव कोलेस्टेरॉल, उरलेलं बहुतेक मेदाम्लं. विटांच्या पोटात अमिनो आम्लं, युरिया, लॅक्टिक आम्ल असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ. पृष्ठभागाचा सामू ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आंबट. गिलावा बनवणारी एन्झाइमं याच आंबटपणात नीट चालतात. कपडे धुण्याच्या नव्हे, अंगाला लावायच्या साध्या साबणाचाही सामू ९-१० असतो. मेमध्ये तीनदा आंघोळ करा, खुशाल करा, पण साबण एकदाच, तोही काखा, जांघा आणि पावलांना. लिंबू मात्र उलट्या टोकाला, सामू २ च्या आसपास. लिंबू चोळून उन्हात गेलं तर त्यातल्या रसायनांवर ऊन पडून भाजल्यासारखे डाग उठतात आणि नंतर कित्येक महिने काळे राहतात. संत्र्याच्या वाळक्या सालीच्या खरखरीत भुकटीनं तोंड घासण्याची आपल्याकडची हौसही गिलावाच खरवडते. संत्री खावी.

या मेलेल्या थरात पाणी १० टक्क्यांच्या खाली गेलं की तो लवचीकपणा सोडतो आणि तडकतो. आईच्या टाचांचं दुखणं इथलं. तळपायाला तेलग्रंथी एकही नसते, थर सगळ्यात जाड, वर अंगाचं वजन, आणि हवा एप्रिल-मेची कोरडी. जाड, कोरडा पदर टाच जमिनीवर दबली की बाजूंना पसरू शकत नाही, मग फाटतो. यात सूज हा मूळ दोष नाहीच, त्यामुळे सूज मारणाऱ्या ट्यूबला तिथं करायला काही उरत नाही.

करायचं असं. रात्री कोमट पाण्यात पाय १०-१५ मिनिटं. वज्री हलक्या हातानं, एकाच दिशेनं, पांढरं निघेल तेवढंच. गुलाबी दिसायला लागलं की थांबा. टिपून कोरडं करा, घासून नको. ओल पूर्ण उडायच्या आत, म्हणजे तीनेक मिनिटांत, २० ते २५ टक्के युरियाचं क्रीम, त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, वर सुती मोजे. युरिया पाणी ओढून आणतो आणि केराटिन मऊ करतो, जेली ते पाणी उडू देत नाही. एकटा युरिया लावून पाय कूलरसमोर ठेवला तर अर्धी मेहनत वाया. भेगेतून रक्त येत असेल तर ती अंतस्त्वचेपर्यंत गेली आहे. तिथं युरिया सणकून झोंबतो, म्हणून भेग बुजेपर्यंत चार-पाच दिवस नुसती जेली. फरक दिसायला तीन-चार आठवडे. ब्लेडनं कातडं काढणं कुणीच करू नये, आणि मधुमेह असेल तर वज्रीही डॉक्टरांनी पाय तपासल्याशिवाय नको, कारण बधिर पायाला किती घासलं ते कळत नाही. एकाच पायाला त्रास असेल किंवा तळव्याच्या रेषांमध्ये पिठासारखी पांढरी पावडर बसलेली दिसत असेल, तर भेगांचा नाद सोडून बुरशीची तपासणी करून घ्या.

मुलाच्या घामोळ्या. घामाची ग्रंथी अंतस्त्वचेच्या तळाशी सुताच्या गुंड्यासारखी असते, तिची नळी सगळे थर भेदून वर उघडते. माणसाला अशा २० ते ४० लाख ग्रंथी, जन्मताच सगळ्या. पुढे एकही वाढत नाही. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. वाळला तर, हे लक्षात घ्या. पुसलेला किंवा ओघळलेला घाम तेवढा थंडावा देत नाही.

नळी कुठं तुंबली यावर घामोळ्यांचा प्रकार ठरतो. अगदी वर तुंबली तर दवबिंदूसारखे स्वच्छ फोड, खाज नाही, टॉवेलनं पुसले तरी जातात. बाह्यत्वचेच्या मधल्या मजल्यावर तुंबली तर घाम भिंतीत झिरपतो आणि लाल, टोचणारे पुरळ येतात; पाठीवर टोचणारे, खाजरे लाल दाणे असतील तर ते हेच. पुन्हा पुन्हा होत राहिलं तर तुंबण्याची जागा आणखी खाली, दोन थरांच्या सांध्यावर जाते. कातडीच्याच रंगाच्या गाठी, खाज कमी, पण त्या भागाला घामच येत नाही. असं मूल उन्हात पटकन ढेपाळतं.

आता नागपूरचा कूलर. कूलर हवेत पाणी सोडून थंडावा करतो, आणि ती ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते. खिडक्या-दारं गच्च लावून कूलर चालवला की तासाभरात खोलीत दमटपणा साचतो, घाम वाळत नाही, मेलेला थर पाणी पिऊन फुगतो आणि नळ्यांची तोंडं मिटतात. बाहेर हवा वाळवंटासारखी आणि पोराच्या पाठीवर घामोळ्या, हा उफराटा प्रकार त्यामुळे. नवतपा संपून जून लागला की हवाच दमट होते, तेव्हा कूलर बंद करून नुसता पंखा बरा.

त्यात वर ट्यूब लावली, म्हणजे उरलेली भोकंही चिकट मलमानं बुजवली. खोबरेल तेलानंही हेच होतं. पावडरचा जाड थापही घामात कालवून लुकण होतो, आणि लहान मुलाच्या नाकातोंडात जातो तो वेगळा. थंड पाण्यानं दिवसातून दोन-तीनदा आंघोळ, साबणाशिवाय; सैल सुती बंडी किंवा उघडी पाठ; खाज जास्त असेल तर कॅलामाइन लोशन. लाली चार-आठ दिवसांत जाते, पण तुंबलेली नळी पूर्ववत व्हायला वरचा थर झडावा लागतो, त्याला दोन-तीन आठवडे. तोवर भर दुपारी त्याला बाहेर खेळायला सोडू नका.

गजकर्णाकडे वळू, कारण खरं नुकसान इथं होतंय. गजकर्णाची बुरशी केराटिन खाते. तिला लागणारं पक्कं झालेलं केराटिन फक्त वरच्या मेलेल्या थरात, केसांत आणि नखांत आहे, म्हणून ती खाली सहसा उतरत नाही. मग लाली आणि खाज कशाची? ती खालच्या जिवंत थरांतल्या पहारेकऱ्यांची ओरड. लँगरहान्स पेशी बुरशी ओळखतात, अंतस्त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुगतात, कडेला लाल कंगोरा उठतो. कंगोरा बाहेर सरकतो आणि मधला भाग साफ दिसतो, म्हणून ते गोल चक्र.

दुकानात हाताला लागणाऱ्या बऱ्याच ट्यूबांमध्ये तीन औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जंतूंचं आणि सूज मारणारं एक तीव्र स्टेरॉइड. तुमची ट्यूबही बहुधा त्यातलीच. स्टेरॉइड पहारेकऱ्यांना गप्प करतं. खाज थांबते, लाली जाते, आणि बुरशी निवांत पसरते. ट्यूब बंद केली की पहारेकरी जागे होतात, तोवर बुरशीनं दुप्पट जागा बळकावलेली असते. कंगोरा पुसट होत असल्यानं पुढे डॉक्टरांनाही ते पटकन ओळखू येत नाही. लेबल वाचायची एक ढोबळ खूण: नाव 'झोल'नं संपलं, जसं क्लोट्रिमॅझोल किंवा लुलिकोनॅझोल, तर ते बुरशीचं. 'सोन' किंवा 'बेटासोल' दिसलं, जसं बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल, तर ते स्टेरॉइड. दोन्ही एका डबीवर असतील तर ती डबी गजकर्णासाठी नाही.

आणि इथंच तिघांचा फरक आकड्यांत दिसतो. स्टेरॉइड हाताच्या कोपरापुढच्या भागातून जेवढं शोषलं जातं त्याला १ धरलं, तर तळपायातून ०.१४, कपाळातून ६, जबड्याच्या कडेतून १३ आणि अंडकोषाच्या कातडीतून ४२. आईच्या टाचेत शिरलंच नाही. जांघेत ते नको इतकं शिरलं. मुलाचं वजन कमी आणि त्या मानानं कातडी जास्त, त्यामुळे शोषलेलं औषध रक्तात जाऊन त्रास देण्याची भीती त्याला सगळ्यात जास्त.

जांघेतल्या शोषणाचा परिणाम अंतस्त्वचेवर होतो. हा थर १ ते ४ मिलिमीटर जाड. त्याच्या कोरड्या वजनाचा बराचसा भाग कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं तंतूंसारखं प्रथिन. कातडं कमावून चप्पल होते ती याच थराची. स्टेरॉइड कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींचा हात थांबवतं. काही आठवड्यांत कातडी कागदासारखी पातळ होते, आतल्या शिरा दिसतात, आणि मग जांघेत लाल-जांभळे ओरखडे उमटतात. बुरशी जाते. ओरखडे फिके होतात, पण जात नाहीत.

उपचार: नुसतं बुरशीचं क्रीम, चट्ट्याच्या कडेच्या बाहेर २ सेंटिमीटर धरून, कातडी साफ दिसल्यावरही आणखी दोन आठवडे. प्रमाणासाठी बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची एक रेघ साधारण अर्धा ग्रॅम, ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टे जास्त असतील किंवा केसाळ भागात असतील तर गोळ्या लागतात, कारण बुरशी केसाच्या बाजूनं खाली घुसते आणि क्रीम तिथवर पोचत नाही. त्या डॉक्टरांनीच द्याव्यात. टॉवेल वेगळा. अंतर्वस्त्रं गरम पाण्यात धुवून कडक उन्हात, उलटी करून. घरात दुसऱ्या कुणाला असेल तर एकाच वेळी उपचार. आणि कमरेचा करदोडा काढा. घामानं कायम ओला राहणारा तो दोरा बुरशीचं घर असतो आणि सगळी औषधं करूनही कमरेवर पट्टा परत येत राहतो.

रंगाचंही थोडं. तळमजल्यावर रंगपेशी असतात, एक पेशी साधारण ३६ शेजाऱ्यांना रंगाचे कण पुरवते. गोऱ्या-सावळ्यांत पेशींची संख्या जवळपास सारखीच. कणांचा आकार आणि वाटणी वेगळी. हे कण पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखे बसून उन्हातल्या अतिनील किरणांपासून त्याला वाचवतात. त्यातले यूव्हीबी बहुतेक बाह्यत्वचेतच अडतात, यूव्हीए अंतस्त्वचेपर्यंत जाऊन कोलॅजेन खातात. सनस्क्रीन लावायचं तर चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर भरेल इतकं, दर दोन तासांनी. वाटाण्याएवढं लावून डबीवरच्या आकड्याची अपेक्षा करू नये. स्कूटरवर तोंडाला गच्च दुपट्टा बांधायची आपल्याकडची पद्धत त्या वाटाण्यापेक्षा कितीतरी चांगली.

रंगपेशींचा राखीव साठा केसाच्या मुळाशी असतो. कोडाच्या डागात उपचारानं रंग परतायला लागतो तो केसांभोवती ठिपक्यांनी. ओठ, बोटांची टोकं इथं केस नाहीत म्हणून तिथं तो सहज येत नाही. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला तर काही टिकल्यांच्या गोंदातलं एक रसायन रंगपेशी मारतं, हे लक्षात ठेवून टिकली आधी बंद करावी. भाजल्यावर नवी कातडीही याच मुळांमधून उगवते. मुळं शाबूत तर दोन-तीन आठवड्यांत जखम भरते. मुळांसकट जळलं तर कातडी पांढरी, चामड्यासारखी होते आणि दुखत नाही, कारण नसाही जळाल्या. न दुखणारं भाजणं घेऊन लगेच रुग्णालय गाठा. भाजल्याबरोबर २० मिनिटं वाहतं थंड पाणी, बर्फ किंवा टूथपेस्ट नाही. फक्त मेच्या दुपारी छतावरच्या टाकीचा नळ सोडलात तर चटका बसेल असं पाणी येतं, माठातलं ओता.

विदर्भात आणखी एक तपासणी माहीत असावी. वरोऱ्याचं आनंदवन इथलंच, कुष्ठरोग इथून पुरता गेलेला नाही. त्याचे जंतू अंतस्त्वचेतल्या नसांमध्ये राहतात, म्हणून फिकट किंवा लालसर चट्ट्याला स्पर्श कळत नाही आणि घाम येत नाही. मेमध्ये सगळं अंग घामेजलेलं आणि एक चट्टा कोरडा, असं दिसलं की कापसाची वात करा, माणसाला डोळे मिटायला सांगा, वात हलकेच टेकवा आणि कुठं टेकवली ते बोटानं दाखवायला सांगा. चट्ट्यावर दाखवता आलं नाही तर दवाखाना. औषध सरकारी दवाखान्यात मोफत, ६ किंवा १२ महिन्यांचं, आणि आजार बरा होतो.

सगळ्यात खालच्या चरबीच्या थराबद्दल तुमच्या प्रश्नात काही नाही, पण घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर एवढं: इन्सुलिन टोचतात त्या जागी वरचे दोन थर मिळून माणूस जाड असो की बारीक, साधारण २ मिलिमीटरच भरतात. म्हणून मोठ्या माणसाला ४ मिलिमीटरची सुई सरळ टोचली की पुरते. रोज एकाच जागी टोचू नका, तिथं चरबीची गाठ होते आणि इन्सुलिन कधी कमी कधी जास्त शोषलं जातं.

तुम्ही त्वचाविभागात दाखवाच, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची ओपीडी चालेल. नागपुरात मेडिकल म्हणजे कॉलेज. दुकानातल्या मेडिकलला विचारून आणखी एक ट्यूब आणू नका. जाण्याआधी जमेल तर काही दिवस जांघेत काहीच लावू नका. चट्ट्याच्या कडेची पापुद्री खरवडून तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात, केराटिन विरघळतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू उघडे पडतात. आदल्या रात्री क्रीम लावलेलं असेल तर ते बऱ्याचदा सापडत नाहीत. ट्यूब बंद केल्यावर खाज पहिले चार-पाच दिवस वाढेल. थंड पाण्याची घडी ठेवा. आणि ती ट्यूब, खोक्यासकट, सोबत न्या.